नऊ पाट्यांचा डबा मेळघाटात

परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी गल्लीतला माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच, "गजाभाऊ, टिकला का डबा?" काही जण काळजीनं विचारतात, काही जण मजा पाहायला. दोघांनाही एकदाच उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसलो. शिवाय कुणाला अशी गाडी करायची असेल तर त्याचं थोडं लोखंड वाया जायचं वाचेल.

डबा म्हणजे जीपच्या मागे जोडायची, आत झोपायची सोय असलेली ट्रॉली. अकोल्यात माझा जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा आहे. परदेशात लोक असं घर मागे बांधून फिरतात हे मोबाइलवर पाहिलं, तयार गाडीची किंमत विचारली आणि फोन ठेवून दिला. मग पाच महिने खपून स्वतःच केली. अँगलचा सांगाडा, भंगारातल्या जीपची धुरा, वर प्लायवूड आणि पत्रा. आत दोन माणसांची गादी. मागचं झाकण वर उचललं की गॅसची शेगडी, डब्यांची फळी आणि पाण्याची टाकी. माझी बायको कमल डब्याला खुराडं म्हणते.

रस्त्याचा धक्का सोसायला धुरेवर कमानीचे पाटे लागतात, एकावर एक रचलेल्या लवचिक लोखंडी पट्ट्या. मी कापूस वाहणाऱ्या ट्रॉलीचे पाटे आणले. एका बाजूला पाच पुरले असते. पण मी विकणाऱ्याशी अर्धा दिवस हुज्जत घातली आणि पाचाच्या भावात नऊ-नऊ उचलून आणले.

माझ्या दुकानाला लागून नामदेवचं वेल्डिंगचं दुकान आहे. तीस वर्षांचा दोस्त. डब्याचा सांगाडा त्यानंच जोडला. पाटे पाहिले आणि तोंडावरची काच वर करून म्हणाला, "चार चार काढून टाक. हे तीस क्विंटलचे पाटे हायेत, तुझा डबा पाच क्विंटलचा. पाटा लवलाच नाई तर धक्का जाईन कुठी? सांगाड्याले खाईन."

"आनले ते लावाचे," मी म्हणालो. "वरून भेटले म्हनून फेकून देऊ का?"

"गजा, घासाघीस मानसासंग चालते. लोखंड आयकत नाई. तुले घेन्या-देन्यातलं समजते, लोखंडातलं नाई समजत."

हे तो चार गिऱ्हाइकांसमोर बोलला. चौदाव्या वर्षी सायकलला पोतं बांधून खेड्यापाड्यात मोडका फाळ, तुटका नांगर गोळा करत मी सुरुवात केली. माझ्या हाताला लोखंडाचा वास आयुष्यभर आहे. आणि मला लोखंडातलं समजत नाही? मीही उलट बोललो. काय बोललो ते पुढे येईल. त्यानंतर आठ महिने आमचं बोलणं बंद. त्याच्या दुकानातली ठिणगी माझ्या उंबऱ्यावर येऊन पडायची, शब्द पडायचा नाही.

निघायच्या आधी कमलनं अट घातली. "मेळघाटातून फिरून येऊ. काही मोडलं नाई तर नामदेवभाऊ आपल्या घरी येऊन च्या पितीन. मोडलं तर तुमी त्यायच्या दुकानात जाचं. सोताच्या पायानं." ही अट तिनं नामदेवच्या बायकोमार्फत तिकडेही पोचवली होती. त्या दोघींचं बोलणं कधी बंद पडलंच नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. ज्या सौद्यात हरायची भीती नाही तो पटकन करावा.

अकोला ते परतवाडा

अकोट, अंजनगाव करत परतवाड्यापर्यंत रस्ता बरा. मार्गशीर्षातली सकाळ, दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीला आलेला कापूस, आणि डबा मागून गरीब गाईसारखा चालत होता. मी दर दहा मिनिटांनी आरशात पाहत होतो.

"रस्ता पाहा," कमल म्हणाली. "तो कुठी पळून नाई जात."

अंजनगावला पानमळ्यांचा हिरवा गारवा अंगाला लागला आणि चहासाठी थांबलो. टपरीवरचे पाच-सहा जण डब्याभोवती गोळा झाले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आत वाकून पाहिलं, गादी दाबून पाहिली आणि कमलला विचारलं, "बाई, घरी काही भांडन झालं का?"

परतवाड्याच्या अलीकडे एका संत्र्याच्या बागेत मुक्काम केला. मालकाला मुक्कामाचं काय घेणार विचारलं तर तो म्हणाला, संत्री घ्या, जागा फुकट. संत्र्याच्या भावात त्यानं जागेचे पैसे धरले होते हे मला पहिल्या वाक्याला कळलं. तरी घासाघीस करून अर्धं क्रेट घेतलं, कारण फळ खरोखर चांगलं होतं, पातळ सालीचं, हाताला जड. संध्याकाळी झाकण उघडून कमलनं भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. उघड्यावर, शेगडीजवळ उभं राहून जेवलो. घरी मी तिच्याशी जेवताना बोलत नाही, दुकानाचे फोन घेत असतो. इथे फोन लागत नव्हता. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो, आणि तिच्या बोलण्यात कितीतरी माणसं होती जी मला माहीतच नव्हती.

चिखलदरा

घाट चढताना जीपनं तक्रार केली नाही. वर धुकं होतं, समोरचं वळण दिसत नव्हतं. दरीच्या कडेला थांबलो आणि चहासाठी मागचं झाकण उघडलं.

आत जे होतं त्याला काय म्हणावं? हळद पिठात, पीठ तेलात, तेल सगळ्यावर. तळातली संत्री फुटून त्यांचा रस गादीपर्यंत गेला होता. फळीचे चार स्क्रू निघाले होते. त्यांतले दोन साखरेत सापडले, दोन अजून सापडायचे आहेत.

कमलनं कढई उचलली, तिच्यात पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मिरच्या टाकल्या असत्या तं ठेचा झाला असता."

"स्क्रू ढिले होते. स्क्रूची चूक हाये."

"हाव. स्क्रूची."

मी सगळे स्क्रू काढून मोठे लावले, फळीला लोखंडी पट्टी मारली, बरण्या गोधडीत गुंडाळल्या. दोन तास गेले. थंडीनं बोटं वाकत नव्हती. धुकं उठलं तेव्हा खाली जंगलाचे थरावर थर दिसले, सागाची पानं तांबूस होऊ लागलेली. कमल कितीतरी वेळ पाहत उभी होती. मी पाना घेऊन डब्याखाली होतो, त्यामुळे ते दृश्य मी तिच्या तोंडून ऐकलं. प्रवासवर्णनात असं लिहू नये, पण खरं तेच आहे.

हरिसालच्या पुढे

सेमाडोहला सिपना नदीच्या पाण्यात पाय बुडवून बसलो. जंगलात मुक्काम करायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून हरिसाल ओलांडून आत, कोरकू आदिवासींच्या एका गावात जायचं ठरवलं. शेवटचे आठ किलोमीटर रस्ता म्हणजे नुसते दगड आणि मधूनमधून डांबराची आठवण. डबा मागून असा उडत होता की जीपची मान हलत होती.

गावाच्या तोंडाशी खळ्यावर एक साठीचा माणूस सोयाबीन पोत्यात भरत होता. नाव हिरालाल. मी मुक्कामाची परवानगी विचारली आणि लगेच भाव विचारला. तो काहीच बोलला नाही. मी आकडा सांगितला. तो गप्प. मी वाढवला. तो गप्पच. माझ्या धंद्यात इतका मोठा गप्प माणूस मी पाहिला नव्हता. शेवटी त्यानं बोटानं खळ्याची एक बाजू दाखवली आणि म्हणाला, "वहाँ लगाओ. हवा कम आती है."

आमच्याकडे खळ्यावर धान्य असताना परक्या माणसाला मुक्कामाला जागा कोणी देत नाही. मी स्वतः देणार नाही. त्याच्या बायकोनं कमलला चुलीजवळ बोलावलं. कुटकीचा भात आणि पातळ वरण होतं. कुटकी म्हणजे बारीक दाण्याचं भरड धान्य. त्याचा भात सैल असतो आणि पोटात जड होत नाही. मी दोनदा मागून घेतला. कमलनं संत्री दिली, फुटली नव्हती ती.

जेवण झाल्यावर हिरालालनं डब्याला एक फेरी मारली. खाली वाकून पाटे पाहिले, हातानं मोजले. मग कोपऱ्यातल्या आपल्या बैलगाडीकडे हात केला. "खाली गाडी उडती है, भाऊ. हमारी भी उडती है. भर के चलाओ, फिर देखो."

"काय भरू? दगड?"

"दगड काहे को?" तो म्हणाला. "कल धारणी का बाजार है."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस मघापासून गप्प का होता. दुसऱ्या दिवशी त्याला सोयाबीन बाजारात न्यायचं होतं. मी तीन पोती म्हणालो. तो गप्प. मी चार म्हणालो. त्यानं घरातून आणखी एक पोतं आणून शेजारी ठेवलं. सकाळी निघताना गादी भिंतीला उभी करून आत सात पोती होती, वर शेजारणीची मिरचीची गाठोडी, आणि जीपमध्ये मागच्या सीटवर चार माणसं. मी उभ्या आयुष्यात एवढ्या सहज हरलो नव्हतो, आणि रागही आला नाही. चार शब्दांत सात पोती चढवणारा माणूस होता तो.

धारणीच्या रस्त्याला

तोच आठ किलोमीटरचा रस्ता. तेच दगड. पण डबा उडाला नाही. खड्ड्यात उतरला की पाटे जरासे दबायचे, वर आला की उठायचे. जीपची मान हलली नाही. बरण्या वाजल्या नाहीत. कमल आरशात पाहत होती, आणि मी मुद्दाम समोर पाहत होतो.

मला त्या वेळीच सगळं कळलं. पाटे वजनाची वाट पाहत होते. वजन मिळालं तेव्हा ते आपलं काम करू लागले. तीस वर्षं लोखंड विकूनही हे मला दुसऱ्याच्या बैलगाडीनं सांगावं लागलं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. पुढचा सगळा प्रवास पोती भरूनच करावा असा विचारसुद्धा माझ्या मनात आला. लोकांना सोयाबीन वाहून देत फिरेन, पण चार पाटे काढणार नाही.

बाजारात पोती उतरवली. हिरालालनं निरोप घेताना मिरचीचं एक गाठोडं कमलच्या हातात दिलं आणि मला म्हणाला, "अब आहिस्ता जाना." तो आहिस्ता मी ऐकायला हवा होता.

तापीच्या काठी

धारणीच्या पुढे तापी पाहायला गेलो. रिकाम्या डब्यानं. काठाकडे जाणारा रस्ता शेतातला, चाकोऱ्या पडलेला. अर्ध्या वाटेत खाडकन आवाज आला, आणि डबा जीपच्या मागे तिरका चालू लागला.

उतरून पाहिलं. जीपला जोडणारी पुढची दांडी सांगाड्याला जिथे मिळते, तिथे अँगलला तडा. बोट जाईल एवढा.

कमल शेजारी येऊन उभी राहिली. वाकून तडा पाहिला. मग मीच म्हणालो, "मोडलं नाई. तडा गेला. अट मोडन्याची होती."

"बरं," ती म्हणाली. "मंग तडा गेला म्हनून सांगा त्यायले."

मी काही मऊ माणूस नाही. पहिली गोष्ट जी मला सुचली ती ही, की तडा जिथे गेला तो जोड कुणाचा होता? नामदेवचा. त्याच्याच हातचा. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. मी मोबाइल काढून त्या जागेचे फोटो घेतले, वरून, खालून, बाजूनं. गल्लीत दाखवायला.

तारेनं दांडी आवळली आणि बैलाच्या चालीनं धारणीला परतलो. बाजाराच्या मागे एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं शेड होतं. सगळे त्याला चाचा म्हणत होते. मी त्याला फोटो दाखवला आणि म्हणालो, "देखो, कैसा कच्चा जोड मारा है."

चाचानं फोटो पाहिला नाही. खाली सरकला, तारेच्या ब्रशनं तिथली माती आणि रंग खरवडला, आणि मला खाली बोलावलं. "नजर है ना तुमको? जोड सलामत है. लोहा फटा है, बाजू से."

मी पाहिलं. नामदेवच्या वेल्डिंगची ओळ सरळ, बारीक, शिवणीसारखी, टोकापासून टोकापर्यंत शाबूत होती. तडा तिच्या कडेनं गेला होता. जोडानं सोडलं नव्हतं, धक्के खाऊन खाऊन शेजारचं लोखंड थकलं होतं.

"जिसने जोडा, कारीगर है," चाचा म्हणाला. "और जिसने ये पाटे डाले…" पुढचं त्यानं सांगितलं नाही. पाटे कुणी टाकले ते माझ्या तोंडावर लिहिलं असावं.

त्यानं दांडीला आडवी पट्टी मारून काम पक्कं केलं आणि दोन्ही बाजूंचे चार-चार पाटे काढले. मी अडवलं नाही. तेवढ्या वेळात कमल आणि मी शेडबाहेर खाटेवर बसलो होतो. तिथे मी तिला सांगितलं, त्या दिवशी मी नामदेवला उलट काय बोललो ते. मी म्हणालो होतो, "जनमभर लोकायच्या मापानं दारं-खिडक्या जोडल्या तू. सोताच्या डोक्यानं एक वस्तू केली नाई. म्हनून माहा डबा पाहून जळून राहिला." गिऱ्हाइकं हसली होती. नामदेव हसला नव्हता. त्यानं तोंडावर काच ओढली आणि कामाला लागला.

कमलला हे माहीत नव्हतं. मी घरी फक्त त्याचं वाक्य सांगितलं होतं.

"तुमी आठ महिने त्यायचंच बोलनं उगाळून राह्यले," ती म्हणाली. "आपलं काहून नाई सांगतलं?"

चाचाचा हातोडा चालू होता. मी मोबाइलमधले जोडाचे फोटो पुसून टाकले.

घर

परतीचा रस्ता तोच, पण डबा दुसराच. पाच पाट्यांवर तो खड्ड्यात वाकून जायचा, जसा माणूस कमी उंचीच्या दारातून वाकून जातो. घाटात मागे एकही बरणी वाजली नाही. चिखलदऱ्याला पुन्हा थांबलो तेव्हा मी ते जंगल पाहिलं. आकाश साफ होतं.

अकोल्यात शिरल्यावर कमल म्हणाली, आधी घरी जाऊ, हात-पाय धुवा, मग जा. मी नाही म्हणालो. घरी गेलो असतो तर मला दुसरं काहीतरी सुचलं असतं. जीप थेट नामदेवच्या दुकानासमोर लावली.

तो ग्रिलला पॉलिश मारत होता. त्यानं मला पाहिलं, डब्याला पाहिलं, दांडीवरची नवी पट्टी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. मशीन बंद करून तो एक शब्द न बोलता डब्याखाली सरकला. मला दोन मिनिटांनी कळलं की तो पाटे पाहायला गेला नव्हता. तो स्वतःचा जोड पाहायला गेला होता.

मी खाली बसलो. "तुहा जोड शाबूत हाये, नामा. बाजूचं लोखंड फाटलं. धारनीचा मिस्तरी म्हने, जोडनारा कारागीर हाये."

खाली त्याचं बोट जोडाच्या ओळीवरून फिरत होतं.

"पाट्यायचं तुहं खरं होतं," मी म्हणालो. "आन् दारं-खिडक्यायचं मी जे बोललो…"

"सतरा-अठराचा पाना दे," तो खालून म्हणाला.

मी दिला. त्यानं पाटे धुरेला बांधणारे यू-बोल्ट आवळले, जे चाचानं आवळलेलेच होते. बाहेर आला, हात पुसले, आणि कमलकडे पाहून म्हणाला, "वयनी, तुमी उतरा जराशा. मी डब्यात बसून पाहातो. बाहेरून आवाज समजत नाई." मग माझ्याकडे न पाहता, "काही वाजलं तं मी दोनदा भित ठोकीन. तवा थांबजो."

कारखान्यांच्या मागच्या रस्त्यानं मी निघालो. तो रस्ता इतका खराब आहे की रिक्षावाले तिकडचं भाडं घेत नाहीत. हळू हळू चालवत होतो. आरशात नुसता पत्रा दिसत होता. आत तो काय करतोय, रागात आहे की नाही, काही कळत नव्हतं. दोन ठोक्यांची वाट पाहत मी रेल्वेच्या भिंतीपर्यंत गेलो, वळवली, परत आलो. ठोका पडला नाही. एक अख्खी फेरी झाली तरी पडला नाही. मग मला भीती वाटली आणि मी जीप थांबवून डब्याचं दार उघडलं.

नामदेव गादीवर आडवा होता. चपला दाराशी नीट काढून ठेवलेल्या, हात डोक्याखाली, आणि तो छोट्या खिडकीतून बाहेर पाहत होता.

"काहून थांबला?"

"तू ठोकलं नाई."

"ठोकाले काही वाजाले तं पाहिजे." तो कुशीवर वळला. "आनखी एक चक्कर मार. आन् आता खड्डे चुकवू नको. बरोबर खड्ड्यातून घे."